लाकडी कैची

दोन भिंतींमधले छप्पर, मध्ये खांब न उभारता, पेलण्यासाठी लाकडाचे तुकडे त्रिकोणांत जोडून केलेला सांगाडा म्हणजे लाकडी कैची. जुन्या कौलारू शाळा, रेल्वेची गोदामे, चर्च, सरकारी बंगले आणि गिरण्यांच्या शेड यांत ती पाहायला मिळते. तिची सर्वांत परिचित घडण अशी: दोन तिरके मुख्य वासे, त्यांची खालची टोके एकमेकांना बांधून ठेवणारी आडवी तुळई, आढ्याखाली मधोमध एक खांब आणि त्या खांबाच्या पायथ्यापासून दोन्ही वाशांच्या मध्यापर्यंत गेलेले दोन तिरके टेकू. हिला किंगपोस्ट कैची म्हणतात.

खालून पाहणाऱ्याला वाटते की मधला खांब तुळईवर उभा आहे आणि त्याने आढे डोक्यावर घेतले आहे. प्रत्यक्षात तो खांब आढ्यापासून खाली लोंबत असतो आणि तुळईला मध्यावर वर ओढून धरतो. त्याच्यात दाब नसतो, ताण असतो. एवढी एक गोष्ट ध्यानात आली की कैचीतला एकेक सांधा तसाच का केला आहे ते उलगडत जाते. ती ध्यानात न घेता केलेल्या दुरुस्तीने कितीतरी चांगल्या कैच्या वाया गेल्या आहेत.

वाड्याचे छप्पर आणि कैची

महाराष्ट्रातल्या वाड्यांत आणि कोकणातल्या घरांत छप्पर उभारण्याची जुनी पद्धत खांब-तुळईची. खांबांवर तुळया, तुळयांवर मध्ये एक आखूड खांब, त्याच्यावर आढे, आढ्यापासून भिंतीपर्यंत वासे, वाशांवर रिपा आणि रिपांवर कौले. इथे मधला खांब खरोखरच उभा असतो. आढ्याचा भार तो तुळईच्या पोटावर टाकतो आणि तुळई वाकून तो सोसते. म्हणून वाड्याची तुळई जाडजूड लागते, खणाची रुंदी तुळईच्या लांबीने ठरते आणि मोठे दालन हवे असेल तर मध्ये खांबांची रांग येते. ही पद्धत कमअस्सल मुळीच नाही. सागाचे भक्कम सोट मिळत होते तोवर ती अडीचशे-तीनशे वर्षे टिकणारी घरे देत आली आहे.

कैचीत हाच भार वेगळ्या वाटेने जातो. आढ्यावरचे वजन दोन मुख्य वाशांतून तिरके खाली उतरते. वाशांचे पाय त्यामुळे बाहेर फाकू पाहतात आणि भिंतींना ढकलू लागतात. तुळई ते पाय आत ओढून धरते, म्हणून भिंतीवर फक्त उभा भार उरतो. तुळईला वाकायचे काम नसते, ताण सोसायचा असतो, आणि तंतूंच्या दिशेने येणारा ताण सोसण्यात लाकूड फार ताकदवान आहे. परिणामी बऱ्याच सडपातळ लाकडात मोठा गाळा, म्हणजे दोन भिंतींमधले अंतर, पार होतो.

आकड्यांत पाहू. गाळा ६ मीटर, कैच्यांमधले अंतर ३ मीटर आणि उतार २ ला १ (दोन मीटर आडवे गेल्यावर एक मीटर चढ), म्हणजे आढे तुळईच्या पातळीपासून दीड मीटर उंच. मंगलोरी कौले आणि रिपा मिळून चौरस मीटरला सुमारे ६५ किलो धरण्याची पद्धत आहे. वासे, पर्लिन (कैच्यांवर आडवी टाकलेली, वासे पेलणारी लाकडे) आणि कैचीचे स्वतःचे वजन मिळवून १०० किलो धरू. एका कैचीवर १८ चौरस मीटरचा, म्हणजे १८०० किलोचा भार आला. तो आढ्यावर ४५०, दोन्ही वाशांच्या मध्यावर प्रत्येकी ४५० आणि दोन्ही टोकांना प्रत्येकी २२५ असा वाटला जातो. टोकांवरचा भार थेट भिंतीत उतरतो. बाकीच्या भारामुळे तुळईत १३५० किलोचा ताण येतो आणि मुख्य वाशाच्या खालच्या अर्ध्यात सुमारे १५०० किलोचा दाब. दोन टेकू वाशांना वर रेटताना मधल्या खांबाच्या पायथ्याला खाली दाबतात. तो ४५० किलोचा ओढा खांब वर आढ्याकडे पोचवतो. उतार निम्म्याने कमी करून ४ ला १ केला तर तुळईतला ताण दुप्पट होतो, २७०० किलो. छप्पर जितके चपटे तितकी कैची जास्त ओढली जाते. दिसायला मात्र चपटे छप्परच हलके वाटते, आणि इथेच अंदाज चुकतात. (वाऱ्याचा हिशेब यात धरलेला नाही, तो वेगळा करावा लागतो.)

किंगपोस्ट कैची साधारण ५ ते ८ मीटर गाळ्याला सोयीची. त्यापुढे, १२ मीटरच्या आसपासपर्यंत, क्वीनपोस्ट कैची वापरतात. तिच्यात मध्यावर एक खांब नसून दोन बाजूंना दोन असतात आणि त्यांच्या माथ्यांमध्ये एक आडवे लाकूड दाब घेते. मधली जागा मोकळी राहत असल्याने तिथे माळा काढता येतो.

सांधे

कैची मोडते ती बहुधा सांध्यात, लाकडाच्या मधल्या लांबीत क्वचितच. त्यातही सगळ्यांत नाजूक सांधा टाचेचा, जिथे मुख्य वासा तुळईच्या टोकावर येऊन टेकतो. तुळईत तिरकी खाच घेतात, वाशाच्या टोकाला त्या मापाचे कुसू काढतात आणि ते खाचेत बसवतात. वरच्या उदाहरणातला वासा १३५० किलोच्या जोराने तुळईचे टोक बाहेर ढकलत असतो. खाचेच्या पुढे उरलेले लाकूड तंतूंच्या रेषेत सुटून निघू पाहते, कारण तंतू ओढून तोडणे कठीण असले तरी एकावरून एक सरकवणे सोपे असते. तुळईची रुंदी १० सेंटिमीटर आणि सागाला या प्रकारच्या जोरासाठी चौरस सेंटिमीटरला १० किलोची मर्यादा धरली, तर खाचेपुढे निदान साडेतेरा सेंटिमीटर लाकूड शिल्लक हवे. जाणता सुतार तिथे वीतभर किंवा त्याहून जास्त ठेवतो. भिंतीबाहेर आलेले तुळईचे टोक बेढब दिसते म्हणून कुणी ते खाचेजवळ कापले, तर त्याने सांध्याचा जीवच काढून घेतलेला असतो. शिवाय वासा आणि तुळई यांना मिळून लोखंडी पट्टी किंवा बोल्ट घालतात.

मधल्या खांबाचे डोके आणि पाय मुद्दाम रुंद ठेवलेले असतात. डोक्याच्या दोन्ही खांद्यांवर मुख्य वासे येऊन रुततात, पायाच्या खांद्यांवर टेकू बसतात. खांब खाली सरकू पाहतो तेव्हा डोके वाशांमध्ये अडकून राहते, लोंबणे शक्य होते ते यामुळे. तुळईला खांबाशी जोडणारी पट्टी तुळईच्या खालून वळसा घेऊन वर येते, तिच्या दोन्ही टोकांना भोके असतात आणि त्यांतून खांबाच्या आरपार लोखंडी पाचर ठोकतात. पाचर ठोकत गेले की तुळई मध्यावर वर उचलली जाते. कैची बांधतानाच तुळईला मध्ये किंचित उचल देतात, कारण अगदी सरळ तुळईसुद्धा खालून पाहताना डोळ्याला पोट सुटल्यासारखी दिसते.

लाकूड

महाराष्ट्रात कैचीसाठी साग पहिल्या पसंतीचा. वजनाच्या मानाने ताकद चांगली, वाळताना फारसा पिळत नाही आणि गाभ्याच्या लाकडाला वाळवी सहसा लागत नाही. कोकणात ऐन आणि किंजळही वासे-तुळयांना वापरतात. ही लाकडे जड आणि कणखर, पण रंध्याला चिवट. कोणतेही लाकूड घेतले तरी बाहेरचा फिकट भाग टाळावा, कीड आधी तिथेच शिरते. तुळईत मोठी गाठ नसावी, निदान मध्यावर आणि टाचेपाशी तरी नसावी. ताणाच्या लाकडात तंतू जितके सरळ तितके चांगले.

वाळवण ही सबबी सांगून टाळता येणारी गोष्ट नाही. लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ आटत नाही, आडवे आटते. आणि खोडातल्या वाढीच्या वर्तुळांच्या रेषेत ते गाभ्याकडून सालीकडे आटते त्याच्या साधारण दुप्पट आटते. ओल्या लाकडाची कैची चढवली तर वर्षभरात मधल्या खांबाचे रुंद डोके आडवे आटते, त्यावर रुतलेले वासे सैल पडतात आणि आढे थोडे खाली बसते. पाचरा पुन्हा ठोकायची सोय असते ती म्हणूनच. पहिला उन्हाळा गेल्यावर कुणीतरी वर चढून त्या ठोकायला हव्यात. नव्या घरात हे काम हमखास विसरले जाते.

आखणी आणि चढवणी

चांगल्या सुताराची कैची आधी जमिनीवर उतरते. सपाट अंगणात किंवा ओट्यावर दोरी मारून पूर्ण मापाचा आराखडा काढतात. तुळईची रेघ, मध्यावर काटकोन (३-४-५ च्या दोरीने किंवा गुण्याने), त्यावर आढ्याची उंची. ६ मीटरच्या गाळ्यात अर्धी रुंदी ३ आणि उंची दीड, म्हणून वाशाची रेघ ३.३५ मीटर, पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्यात म्हणून वळचणीला वाढवलेली लांबी वेगळी. मग प्रत्येक लाकूड आपापल्या रेघेवर ठेवून सांध्याची खूण थेट लाकडावर उतरवतात. करवतीने खांदे कापायचे, पटाशीने भोके पाडायची, कुसू घासून बसवायचे. माप सुतात चालते, आठ सुतांचा एक इंच, आणि टाचेच्या सांध्यात एका सुताची फट म्हणजे काम परत. वाशाचे टोक खाचेत सगळीकडून टेकले नाही तर १५०० किलो एका कडेवर येतात आणि ती कड चिरडते.

पहिली कैची जमून आली की तिच्याच बरहुकूम बाकीच्या करतात. सांध्यांवर पटाशीने जोडखुणा कोरतात, म्हणजे सुटी करून वर नेल्यावर कोणते कुसू कोणत्या भोकाचे ते कळते. जुन्या इमारतींत या खुणा अजून दिसतात.

चढवताना कैची कलंडण्याचा धोका मोठा. स्वतःच्या पातळीत ती भक्कम, बाजूला मात्र अगदी हलकी. म्हणून पहिली कैची ओळंब्यात उभी करून दोन्ही बाजूंनी टेकू देतात, दुसरी तिला आडव्या लाकडांनी बांधतात आणि मग पुढे सरकतात. पर्लिन आणि वासे बसल्यावरही दोन कैच्यांमध्ये तिरके बंध हवेतच. ते नसलेल्या शेडमधल्या सगळ्या कैच्या काही वर्षांनी एकाच बाजूला झुकलेल्या दिसतात.

इतिहास

आजही छप्पर पेलत असलेल्या सर्वांत जुन्या कैच्यांमध्ये सिनाई पर्वताच्या पायथ्याच्या सेंट कॅथरिन मठातल्या कैच्या मोडतात. त्यांच्या तुळयांवर कोरलेल्या लेखांत सम्राट जस्टिनियन हयात आणि सम्राज्ञी थिओडोरा दिवंगत असल्याचा उल्लेख आहे, त्यावरून त्या इ. स. ५४८ ते ५६५ च्या दरम्यानच्या ठरतात. मध्ययुगीन युरोपात सुतारांनी हे काम फार पुढे नेले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलचे चौदाव्या शतकाच्या अखेरीचे ओक लाकडाचे छप्पर मध्ये एकही खांब न घेता सुमारे २१ मीटर रुंदी पार करते.

भारतातली प्राचीन परंपरा वेगळी. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताला सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी फासळ्या आहेत, पण छत कातळाचे असल्याने त्या भार घेत नाहीत. त्या काळच्या लाकडी सभागृहांचे रूप त्या दाखवतात, आणि ते रूप कमानीचे आहे, त्रिकोणाचे नाही. किंगपोस्ट कैचीचा प्रसार आपल्याकडे झाला तो एकोणिसाव्या शतकात, सार्वजनिक बांधकाम खाते आणि रेल्वे यांच्या इमारतींबरोबर. पुण्यात १८५४ मध्ये बांधकाम खात्यासाठी माणसे तयार करणारा अभियांत्रिकी वर्ग सुरू झाला, त्याचेच पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले. मंगळूरला बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला. यंत्रावर दाबलेल्या, एकमेकांत अडकणाऱ्या या कौलांना सरळ, न लचकणारे पाखे (छपराची उतरती बाजू) लागते. रिपा एका अंतरावर आणि एका पातळीत नसतील तर कौले नीट बसत नाहीत आणि पाऊस आत येतो. मापात केलेली कैची या कौलांना चांगली मानवली.

विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत दातेरी पत्र्याच्या पट्ट्या दाबून जोडलेल्या पातळ लाकडाच्या कैच्या कारखान्यात बनू लागल्या आणि तिथल्या घरबांधणीत त्या सर्रास झाल्या. स्वस्त आणि झटपट, पण आगीत लवकर कोसळणाऱ्या. जाड लाकूड मिनिटाला साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर या गतीने बाहेरून कोळसत जाते आणि आतला गाभा बराच वेळ भार धरतो. पातळ फळीला तेवढा अवधी मिळत नाही.

बिघाड आणि दुरुस्ती

सर्वांत घातक फेरफार म्हणजे तुळई कापणे. माळ्यावर ये-जा करताना डोक्याला लागते म्हणून मधून कापलेली तुळई काही जुन्या घरांत पाहायला मिळते. छप्पर लगेच कोसळत नाही, म्हणून काही बिघडले नाही असे वाटते. मग भिंती वरच्या बाजूला हळूहळू बाहेर झुकतात, आढे बसते आणि कौलांच्या रांगा वाकतात. उलट दिशेची चूकही होते: खांब उभाच आहे असे समजून त्याच्या खालची पट्टी गंजल्यावर ती काढून टाकतात. मग तुळईला मध्ये कुणीच धरत नाही.

वारा खालून छप्पर उचलतो तेव्हा सगळे बळ उलटते. मधल्या खांबात दाब येतो, तुळईत दाब येतो आणि नुसते टेकलेले सांधे उघडतात. जड कौलांखाली हे क्वचित घडते. कौले काढून हलके पत्रे घातले की कैचीला खाली धरून ठेवणारे वजन जाते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले तेव्हा पत्र्याची छपरे मोठ्या प्रमाणावर उडाली. पत्रे घालायचे असतील तर तुळईची टोके भिंतीत खोल गेलेल्या बोल्टने जखडावी लागतात आणि टाचेच्या पट्ट्या वर उचलणारा ओढा सोसतील अशा असाव्या लागतात.

कुजण्याची सुरुवात टाचेपासून होते, कारण तुळईचे टोक दमट भिंतीत गाडलेले असते. ते दगडी पाटावर टेकवून भोवती बोटभर हवा खेळती ठेवली तर आयुष्य कितीतरी वाढते. चुन्यात किंवा सिमेंटमध्ये पक्के लिंपू नये. तपासणी सोपी आहे: पावसाळा संपल्यावर टोकाजवळ पटाशी टोचून पाहावी. निरोगी साग तिला अडवतो, कुजलेल्यात ती बिनआवाज शिरते. कुजके टोक आढळले तर आधी दोन्ही मुख्य वाशांखाली टेकू देऊन भार काढून घ्यायचा, मग कुजका भाग निरोगी लाकडापर्यंत कापायचा आणि नवा तुकडा लांब तिरक्या सांध्याने, दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या घालून बोल्टने जोडायचा. तुळई ताणात असल्यामुळे इथे नुसत्या खिळ्यांवर किंवा सरसावर भागत नाही.