कापरेकर स्थिरांक आणि कापरेकर संख्या: आडनाव एक, खेळ दोन

‘६१७४ ही कापरेकर संख्या’ असं सर्रास लिहिलेलं दिसतं. दोन्ही शोध देवळालीचे गणित शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांचेच, म्हणून घोळ होतो. पण ६१७४ हा कापरेकर स्थिरांक. कापरेकर संख्या ही निराळीच जात.

२०२५ घ्या, दोन्ही खेळ त्यात सापडतात. आधी वजाबाकीचा. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने, आणि वजा करा: ५२२० – ०२२५ = ४९९५. उत्तरावर पुन्हा तेच: ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, ६१७४. इथे गाडी थांबते, कारण ७६४१ – १४६७ = ६१७४. चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पावलांत इथेच येते. फक्त शून्य गाळायचं नाही. २१११ – १११२ चं उत्तर ०९९९ असं लिहा. ९९९ लिहिलंत तर पुढची वजाबाकी शून्यावर जाते आणि ‘जमत नाही’ म्हणून लोक वही मिटतात.

दुसरा खेळ वर्गाचा. ४५ चा वर्ग २०२५; तो मधोमध तोडा, २० + २५ = ४५. म्हणून कापरेकर संख्या ४५, २०२५ नव्हे. इथे पावलं चालायची नसतात. संख्येत तो गुण असतो किंवा नसतो. ६१७४ मध्ये तो नाही: वर्ग ३८११८२७६, आणि ३८११ + ८२७६ = १२०८७.

मोठ्यांत माझी आवडती १४२८५७. एक भागिले सात केलं की दशांश चिन्हापुढे हेच सहा अंक फिरत राहतात. तिचा वर्ग २०४०८१२२४४९. संख्या सहा अंकी, म्हणून उजवीकडून सहा अंक तोडायचे: २०४०८ + १२२४४९ = १४२८५७. दहा लाखांतून ती वजा केली की उरणारी ८५७१४३ हीसुद्धा कापरेकर संख्या! ४५ आणि ५५ यांची जोडी अशीच, शंभराची.

मग १४२८५७ वर वजाबाकीचा खेळ लावला तर? सहा अंकांत ५४९९४५ आणि ६३१७६४ असे दोन स्थिर थांबे आहेत, पण ही दोन्हीकडे फिरकत नाही. ८७५४२१ – १२४५७८ = ७५०८४३, पुढे ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, ४२०८७६, आणि सातव्या पावलाला ८५१७४२. अंक नीट पाहा: तेच १, ४, २, ८, ५, ७, फक्त पिसलेले. त्यामुळे पुढची वजाबाकी पुन्हा ७५०८४३.