लाकूड कुरतडलं म्हणजे दात सलामत?

पिंजऱ्यात लाकडाचा तुकडा किंवा खनिजाचा दगड टाकला की चिंचिलाच्या (घरी पाळल्या जाणाऱ्या, मऊ केसांच्या छोट्या कुरतडणाऱ्या प्राण्याच्या) दातांची काळजी मिटली, हा समज फार जुना आहे. तो अर्धाच खरा. कुरतडण्याने झिजतात ते पुढचे 4 दात. चिंचिलाला एकूण 20 दात असतात, सगळे आयुष्यभर वाढणारे. खरं दुखणं सुरू होतं ते मागच्या 16 दाढांत, आणि त्या झिजतात फक्त तंतुमय गवत तासन् तास चघळल्याने. म्हणून सुकं गवत चोवीस तास समोर हवं; गोळीखाद्य मोजकंच.

पुढचे दात पिवळे-नारिंगी दिसले तर घाबरू नका, निरोगी रंग तोच. हनुवटी किंवा पुढचे पंजे ओले, डोळ्यातून पाणी (वरच्या दाढांची मुळं डोळ्याकडे सरकतात), गवत सोडून मऊच खाणं, ही लक्षणं मात्र उशिरा दिसतात. त्याआधी वजन उतरतं. दर आठवड्याला काट्यावर ठेवा.

नखं कापायच्या कटरने दात कापणं तर शुद्ध अघोरीपणा, दात उभा चिरतो. एक्स-रे काढून, भूल देऊन पशुवैद्यच दाढा घासतात. मुळं वाढली असतील तर पूर्ण बरं होत नाही. वेदनाशामक, हाताने भरवणं आणि ठरावीक काळाने पुन्हा घासणं, एवढंच उरतं.