रेनामो: परक्यांनी उभारलेली, रानात रुजलेली फौज

मोझांबिकच्या यादवीतली बंडखोर संघटना रेनामो आपला जन्म १९७७चा सांगते. पण तिचा रेडिओ १९७६ मध्येच शेजारच्या ऱ्होडेशियातून, म्हणजे आजच्या झिंबाब्वेतून, बोलू लागला होता. आवाज आधी आला, फौज नंतर. सरकारी भाषेत हे लोक ‘सशस्त्र डाकू’, समर्थकांच्या लेखी लोकशाहीचे लढवय्ये. दोन्हींत काही ना काही तथ्य आहे. फक्त कोणते वर्णन कोणत्या वर्षाला लागू पडते हे तपासून घ्यावे लागते.

२५ जून १९७५ रोजी पोर्तुगीज गेले आणि सामोरा माशेल यांच्या फ्रेलिमो पक्षाकडे सत्ता आली. ३ मार्च १९७६ ला माशेल यांनी ऱ्होडेशियाची सीमा बंद केली. बेइरा बंदराचा रस्ता तुटला, शिवाय ऱ्होडेशियातल्या गोऱ्या राजवटीशी लढणाऱ्या गनिमांचे तळ मोझांबिकमध्ये होतेच. केन फ्लॉवर यांच्या हाताखालच्या ऱ्होडेशियन गुप्तचर खात्याने मग जुन्या पोर्तुगीज फौजेतले आफ्रिकी सैनिक, फ्रेलिमोतून फुटलेले आणि छावण्यांतून निसटलेले लोक हाताशी धरले. नेमून दिलेले काम मर्यादित होते: गनिमांच्या तळांची खबर आणायची आणि पूल, विजेच्या तारा, इंधनाचे साठे उडवायचे. मुलूख जिंकून कारभार चालवणे त्यात नव्हते.

पहिला नेता आंद्रे मात्सांगाइसा हा फ्रेलिमोच्याच फौजेत पुरवठ्याचे काम पाहणारा. चोरीच्या आरोपावरून त्याची रवानगी गोरोंगोसा भागातल्या ‘पुनर्शिक्षण’ छावणीत झाली. तिथून तो पळाला, ऱ्होडेशिया गाठले, आणि माणसे घेऊन परत येऊन त्याच छावणीतले कैदी सोडवून नेले. सुरुवातीच्या तुकड्या त्या कैद्यांमधूनच भरल्या. १७ ऑक्टोबर १९७९ ला गोरोंगोसा गावावरच्या हल्ल्यात तो मारला गेला, पण गावकरी त्यानंतरही रेनामोच्या सैनिकाला ‘मात्सांगा’च म्हणत राहिले.

त्याच वर्षअखेरीस लंडनमध्ये ऱ्होडेशियाचा तोडगा निघाला आणि रेनामोचा पोशिंदा गेला. संघटना तिथेच संपायची. तिला उचलून नेले दक्षिण आफ्रिकेच्या लष्कराने. तळ ट्रान्सवालमधल्या फालाबोर्वाला हलला, रेडिओही हलला. नेतृत्वासाठी आपसात गोळीबार झाला आणि त्यातून २७ वर्षांचा आफोन्सो द्लाकामा वर आला. तो सोफाला प्रांतातल्या मांगुंदेचा, तिथल्या मुखियाचा मुलगा. पुढची ३८ वर्षे नेता तोच. वरच्या फळीत त्याच्या न्दाऊ भाषकांचे वजन इतके होते की दूरच्या प्रांतांतल्या पोरांनाही तळावर ती भाषा शिकावी लागे.

बाहेरची आघाडी मात्र पोर्तुगीज वर्तुळातल्या लोकांकडे होती. सरचिटणीस ओर्लांदो क्रिस्तिना १९८३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत मारला गेला. त्याच्या जागी आलेला एव्हो फर्नांडिस हा गोव्याच्या वंशाचा वकील. १९८८ मध्ये त्याचाही लिस्बनजवळ खून झाला. गोव्याचे धागे या युद्धात दोन्हीकडे सापडतात. माशेल यांचे सल्लागार आकीनो दे ब्रागांसा हे गोव्यात जन्मलेले. १९ ऑक्टोबर १९८६ च्या विमान अपघातात ते माशेल यांच्यासोबतच गेले.

१६ मार्च १९८४ ला एन्कोमाती नदीकाठी माशेल आणि दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान पी. डब्ल्यू. बोथा यांनी करार केला: दक्षिण आफ्रिकेने रेनामोला मदत द्यायची नाही, मोझांबिकने तिथल्या गोऱ्या राजवटीशी लढणाऱ्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसला लढण्यासाठी जागा द्यायची नाही. मोझांबिकने आपली बाजू बरीचशी पाळली. दुसऱ्या बाजूने काय झाले ते ऑगस्ट १९८५ मध्ये कळले. झिंबाब्वेच्या छत्रीधारी सैनिकांनी आणि मोझांबिकच्या फौजेने गोरोंगोसातला ‘कासा बनाना’ हा मुख्य तळ घेतला, तेव्हा तिथे द्लाकामाच्या सचिवाच्या रोजनिश्या सापडल्या. सहीपूर्वीच मोठा साठा पोहोचवला होता आणि सहीनंतरही संपर्क व पुरवठा चालूच होता, हे त्यांत नोंदलेले होते. तळ मात्र सरकारला राखता आला नाही. १९८६ च्या सुरुवातीला रेनामोने तो परत घेतला आणि झिंबाब्वेला पुन्हा उतरावे लागले.

आता खरा प्रश्न. परक्याच्या पैशावर पूल उडवता येतात. दहाही प्रांतांत वर्षानुवर्षे टिकून राहता येत नाही. ती जागा फ्रेलिमोच्या धोरणाने करून दिली. विखुरलेल्या वाड्या उठवून लोकांना सामूहिक खेड्यांत आणले, तेही पुष्कळदा जबरदस्तीने. शेत तासन्‌तास दूर गेले, शाळा-दवाखान्याचे आश्वासन कागदावर राहिले. पोर्तुगीजांचे हस्तक म्हणून परंपरागत मुखियांचे अधिकार काढले, पूर्वजांच्या विधींची हेटाळणी झाली. १९८३ च्या ‘ऑपरेशन उत्पादन’मध्ये शहरांतले ‘बेकार’ ठरवलेले लोक थेट दूर उत्तरेच्या नियासात नेऊन सोडले. नांपुलातल्या एराती भागात तर काही मुखिये आपली माणसे घेऊन रेनामोच्या आश्रयाला गेले. तिथे त्यांना जुनी वस्ती आणि जुना मान परत मिळाला. पण तिथून परतीचा रस्ता राहिला नाही, आणि हे त्यांना उशिरा उमगले.

फौज चालायची ती बिनतारी संचांवर. दक्षिण आफ्रिकेने दिलेल्या या जाळ्यामुळे द्लाकामाचा हुकूम शेकडो किलोमीटरवरच्या तुकडीला पोहोचे, तर सरकारी ठाणी कित्येकदा एकमेकांपासून तुटलेली असत. शस्त्रे विमानातून, समुद्रमार्गे आणि सरकारी ठाण्यांवरच्या लुटीतून येत. अन्न कोणी धाडत नसे. ते ‘गांदिरा’ नावाच्या व्यवस्थेतून निघे: गावकऱ्यांनी तळासाठी शेत कसायचे, धान्य द्यायचे आणि ओझी वाहायची. देखरेखीला ‘मुजीबा’ असत, म्हणजे गावातलेच निरोपे-पहारेकरी. भरती बहुतांशी पळवून आणलेल्या पोरांची. घरापासून दूरच्या तळावर न्यायचे, हातून एखादे कृत्य करवून घ्यायचे, मग पळून जायला तोंड उरत नाही.

१९८८ मध्ये रॉबर्ट गर्सोनी यांनी अमेरिकी परराष्ट्र खात्यासाठी सुमारे २०० निर्वासितांच्या मुलाखती घेऊन रेनामोच्या मुलखाची तीन प्रकारांत विभागणी केली. जिथे वस्ती विरळ तिथे फक्त धान्याची वसुली; जिथे ताबा पक्का तिथे सक्तीची शेती आणि हमाली; आणि जिथे सरकारचे अस्तित्व तिथे गाव जाळून लोकांना हुसकावणे. किमान एक लाख नागरिक रेनामोच्या हातून मेले असावेत, हा त्यांचा अंदाज. वॉशिंग्टनमध्ये रेनामोला मिळू पाहणारा पाठिंबा या अहवालाने संपवला. त्याआधी, १८ जुलै १९८७ ला, ओमोइन गावात ४२४ लोक मारले गेले होते, रुग्णालयातल्या आजाऱ्यांसकट. बंडखोरांच्या बाजूने लिहिणारे गर्सोनींच्या पद्धतीवर बोट ठेवतात, कारण मुलाखती पळून आलेल्यांच्याच होत्या. आक्षेप आकड्याला लागू होईल. हिंसेची घडण त्याने खोटी ठरत नाही.

युद्धात आणि त्यातून आलेल्या उपासमारीत मिळून सुमारे १० लाख माणसे गेली, असे मानले जाते. शेवटी तलवारीपेक्षा न पडलेला पाऊस भारी पडला. शीतयुद्ध संपून दोन्ही बाजूंचे पाठीराखे आटले होतेच. त्यात १९९१-९२ च्या भीषण दुष्काळात गांदिराच्या शेतात काही पिकेना. १९९० पासून रोममध्ये सांतेजीदिओ या कॅथलिक संघटनेच्या घरी बोलणी रेंगाळत होती. ४ ऑक्टोबर १९९२ ला अध्यक्ष जोआकिम शिसानो आणि द्लाकामा यांनी सह्या केल्या.

आठवडाभर आधीच अंगोलात निवडणूक झाली होती, आणि निकाल अमान्य करून सावींबी यांची युनिता ही तिथली बंडखोर संघटना पुन्हा लढाईत उतरली. कारण साधे होते: मतदानाआधी तिची फौज मोडलेलीच नव्हती. संयुक्त राष्ट्रांचे प्रतिनिधी आल्दो आयेल्लो यांनी मोझांबिकमध्ये क्रम उलटा ठेवला, आधी बंदूक, मग मतपेटी. ४९ जमाव-ठिकाणे ठरली, २९ सरकारची आणि २० रेनामोची. सैनिकाने यायचे, नोंद करायची, शस्त्र द्यायचे. बदल्यात कपडे, बी-बियाणे, अवजारे आणि घरी जायचे भाडे. पगार दोन वर्षांचा, पहिले सहा महिने सरकारकडून आणि उरलेले अठरा देणगीदारांकडून, तोही आपल्या जिल्ह्यातल्या बँकेतच वटणारा. माणूस राजधानीत रेंगाळू नये, गावी जावा, हा त्यामागचा हिशेब. द्लाकामाच्या संघटनेला पक्ष होण्यासाठी सुमारे १.७ कोटी डॉलरचा वेगळा निधी मिळाला. शांततेची ही किंमत आयेल्लो यांनी कधी लपवली नाही.

बिघडले ते असे. ठिकाणे उघडायला १९९३ संपत आले. छावण्यांत महिनोन्‌महिने बसवून ठेवल्याने १९९४ च्या मध्यात दंगे झाले. नवी संयुक्त फौज ३०,००० ची ठरली होती, पण सैनिकांना घरी जायचे होते. जमली १२,००० च्या आसपास. आणि जमा झालेल्या शस्त्रांत जुनी मोडकी बरीच. चांगली रानात पुरून राहिली. मारिंगेच्या तळावर द्लाकामाचे सशस्त्र रक्षकही कायम राहिले.

ऑक्टोबर १९९४ च्या मतदानाच्या आदल्या रात्री द्लाकामाने बहिष्कार पुकारला आणि दुसऱ्या दिवशी मागे घेतला. मतदान एक दिवस वाढले. त्याला ३३.७ टक्के मते पडली, पक्षाला २५० पैकी ११२ जागा. डाकू म्हणून हिणवलेल्यांना मध्य आणि उत्तरेत लोकांनी मते दिली होती. १९९९ मध्ये तो ४७.७ टक्क्यांवर गेला आणि निकालात घोळ असल्याचा आरोप करत राहिला. जिंकण्याच्या इतक्या जवळ तो पुन्हा आला नाही. कुणी वाढू लागला की त्याला कापायचे, ही त्याची खोड. रोममध्ये वाटाघाटी केलेल्या राऊल दोमिंगोसला २००० मध्ये काढले. पुढे बेइराचा महापौर दाव्हिझ सिमांगो बाहेर पडला आणि त्याने वेगळा पक्ष काढला. २००९ मध्ये द्लाकामा १६ टक्क्यांवर आला.

२०१२ मध्ये तो गोरोंगोसाच्या डोंगरात परतला. वर्षभरात देशाच्या मुख्य महामार्गावर सावे नदी ते मुशुंगे या सुमारे १०० किलोमीटरच्या पट्ट्यात गाड्यांना लष्करी ताफ्यातूनच जावे लागू लागले. काही शे बंदूकधारी त्याला पुरले. १९९४ मध्ये रानात पुरून ठेवलेली शस्त्रे इथे उपयोगी पडली. ऑक्टोबर २०१३ मध्ये सातुंजिराचा तळ पडला, २०१४ मध्ये करार झाला, तो मोडला, २०१६ च्या डिसेंबरात अध्यक्ष न्युसी यांच्याशी फोनवर बोलून त्याने युद्धविराम जाहीर केला. त्याचे मुख्य मागणे प्रांतांचे राज्यपाल निवडून यावेत हे होते. घटनादुरुस्ती झाली ती ३ मे २०१८ रोजी डोंगरातच त्याचा मृत्यू झाल्यानंतर. २०१९ च्या निवडणुकीत दहाही प्रांत फ्रेलिमोने घेतले.

उत्तराधिकारी ओसुफो मोमादे यांनी ऑगस्ट २०१९ मध्ये अंतिम करार केला. रेनामोचाच सेनानी मारियानो न्योंगो याने तो नाकारून ‘लष्करी जुंता’ हा फुटीर गट काढला. ऑक्टोबर २०२१ मध्ये तो मारला गेला. ५,२२१ सैनिकांची नोंद झाली आणि जून २०२३ मध्ये गोरोंगोसातल्या व्हुंदुझीचा शेवटचा तळ बंद झाला. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०२४ च्या निवडणुकीत, पक्ष २८ जागांवर आला आणि मुख्य विरोधी पक्षाची जागा पोदेमोस या पक्षाने घेतली. त्यांच्यासोबत रस्त्यावर गर्दी खेचणारा उमेदवार व्हेनान्सियो मोंडलाने हा काही महिन्यांपूर्वीपर्यंत रेनामोचाच खासदार होता. पक्षाने त्याला नेतृत्वाच्या शर्यतीत उतरूच दिले नव्हते. २०२५ मध्ये रेनामोच्या कार्यालयांचा ताबा घेतला तो तिच्याच माजी सैनिकांनी. मागणी मोमादे यांच्या राजीनाम्याची होती.