नाव परमच, चिप मात्र दर वेळी नवी

१९९१ साली पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेत डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा राहिला, तेव्हा त्याच्या पोटात इनमॉस या ब्रिटिश कंपनीच्या ट्रान्सप्युटर नावाच्या चिपा होत्या. या चिपची खरी करामत तिच्या चार दुव्यांत होती. शेजारच्या चिपशी थेट बोलायची सोय तिच्यातच असल्यामुळे अशा अनेक चिपा जोडून एक मोठं यंत्र करता आलं.

ट्रान्सप्युटर काळाच्या ओघात गेला, परम राहिला. पुढच्या परममध्ये इंटेलचा आय-८६० आला, मग सन कंपनीचे स्पार्क, मग ‘परम पद्म’मध्ये आयबीएमचा पॉवर-४ आणि २००८च्या ‘परम युवा’त इंटेलचा झिऑन.

प्रत्येक घराण्याच्या चिपला कळणाऱ्या आज्ञा वेगळ्या. सी किंवा फोर्ट्रान या भाषांत लिहिलेला प्रोग्रॅम नव्या चिपसाठी पुन्हा कंपाइल करता येतो, म्हणजे तिच्या आज्ञांत उतरवता येतो, तेवढ्यावर बऱ्याचदा भागतं. खरा घोळ होतो तो जपून ठेवलेल्या आकड्यांचा.

आपण ‘एकवीस’ म्हणताना एकक आधी उच्चारतो, दशक नंतर; लिहिताना मात्र दशक आधी येतो. चिपांमध्येही असेच दोन पंथ आहेत. चार बाइटांत १ ही संख्या ठेवायची तर स्पार्क मोठं टोक, म्हणजे जास्त किमतीचा बाइट, आधी ठेवतो: ०० ०० ०० ०१. झिऑन लहान टोक आधी मानतो: ०१ ०० ०० ००. स्पार्कवर लिहिलेली फाइल झिऑनने जशीच्या तशी वाचली, तर त्याला एकाच्या जागी १,६७,७७,२१६ दिसतात. आणि प्रोग्रॅम कुठलीही तक्रार न करता त्या आकड्यावर पुढचं गणित करत राहतो! म्हणून यंत्र बदलताना जुन्या गणिताचं उत्तर नव्या यंत्रावर ताडून पाहण्याचं काम मला सगळ्यात मोलाचं वाटतं. त्याची बातमी कधी होत नाही.

झिऑनचं घराणं टिकलं ते घरोघरच्या पीसीमुळे. चिपा कोट्यवधींनी खपल्या की नवी चिप घडवण्याचा खर्च वाटला जातो. निवडक गिऱ्हाइकांसाठी चिप घडवणाऱ्यांना ते परवडेना. पुण्यातच टाटांच्या ‘एका’ या महासंगणकाने २००७ साली झिऑनच्याच जोरावर जगातल्या ५०० महासंगणकांत चौथा क्रमांक मिळवला.

मात्र उष्णतेमुळे चिपचा वेग वाढवायला मर्यादा आली. आता प्रश्न विजेचा आहे. २०२०च्या ‘परम सिद्धी’त एएमडीच्या प्रोसेसरांच्या जोडीला एनव्हिडियाचे जीपीयू, म्हणजे एकाच वेळी अनेक गणितं करणाऱ्या चिपा, आले. त्याच वर्षी जपानचा ‘फुगाकू’ जगातल्या महासंगणकांत पहिला आला, आणि तोही आर्म घराण्याच्या चिपवर. हे घराणं मोबाइलमुळे घराघरांत पोचलेलं. सी-डॅकनेही ‘ओम’ हा आपला प्रोसेसर याच घराण्यात घडवायला घेतला आहे. आर्मवरही सहसा लहान टोकच आधी असतं. त्यामुळे झिऑनवर साठवलेल्या फाइलींतला १ तिथेही १ म्हणूनच वाचला जाईल.