लिनक्सवर घरगुती व्हिडिओ डीव्हीडी : सॉफ्टवेअरची निवड

लग्न, वास्तुशांत, शाळेचे स्नेहसंमेलन किंवा शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, यांचे चित्रीकरण साध्या डीव्हीडी प्लेअरवर रिमोटने पाहता येईल अशा रीतीने चकतीवर उतरवणे म्हणजे घरगुती व्हिडिओ डीव्हीडी. बोलीत याला नुसते ‘डीव्हीडी मारणे’ म्हणतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. त्या दोन शब्दांत तीन वेगळी कामे दडलेली आहेत: चित्रफीत एमपेग-२ मध्ये (डीव्हीडी प्लेअरला समजणाऱ्या व्हिडिओच्या स्वरूपात) बदलणे, मेनू आणि प्रकरणे बांधून ‘व्हिडिओ_टीएस’ फोल्डर तयार करणे आणि शेवटी तो फोल्डर चकतीवर लिहिणे. केथ्रीबी हे लिनक्सवरील उत्तम लिहिणारे सॉफ्टवेअर, पण त्याच्या व्हिडिओ डीव्हीडी प्रकल्पाला आधीच बांधलेला फोल्डर लागतो. त्यात मोबाइलची एमपी४ फाइल टाकून कोणत्याही प्लेअरवर चालणारी डीव्हीडी मिळत नाही.

भारतात टीव्ही-चित्राची पाल पद्धत चालते: चौकट ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ चित्रे. ध्वनी ४८ किलोहर्ट्झचा, बहुधा एसी३ या स्वरूपात. सॉफ्टवेअर उघडल्यावर पहिल्यांदा ही सेटिंग पाहावी. काही ठिकाणी मूळ निवड एनटीएससी या अमेरिकी पद्धतीची असते.

एक-दोन फिती आणि साधा मेनू एवढेच हवे असेल तर डेव्हेडे पुरेसे आहे. फिती टाका, मेनूचे चित्र निवडा, आयएसओ फाइल (चकतीची हुबेहूब नक्कल असलेली एकच फाइल) घ्या. हळदी, लग्न, वरात, स्वागत समारंभ असे वेगळे भाग, प्रत्येकाचे लघुचित्र आणि बटणे हवी असतील तर डीव्हीडीस्टायलर घ्यावे. दोन्हींच्या पोटात शेवटी डीव्हीडीऑथर हेच काम करते. ते थेट टर्मिनलवरून चालवणे वाटते तितके अवघड नाही आणि चूक कुठे झाली ते तिथे स्पष्ट दिसते. नेहमी अडणारी गोष्ट एकच: ‘व्हिडिओ फॉरमॅट’ हे पर्यावरण-चल (टर्मिनलमध्ये आधी ठरवून ठेवायचे, सॉफ्टवेअर वाचते ते मूल्य) आधी पाल असे ठरवले नाही, तर ०.७ आणि पुढच्या आवृत्त्या फॉरमॅट दिलेला नाही असे सांगून थांबतात. बोंबोनो आणि क्यूडीव्हीडीऑथर ही अशाच सॉफ्टवेअरची जुनी नावे अजून ऐकू येतात. नव्याने शिकणाऱ्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

किती मिनिटे बसतील याचा हिशेब कागदावर करावा. एकथरी चकतीवरचे ४.७ जीबी हे दशमानातले. फाइल मॅनेजरमध्ये तेच सुमारे ४.३८ दिसतात. म्हणजे अंदाजे ३७,६०० मेगाबिट. त्याला सेकंदांनी भागले की एकूण बिटरेट (दर सेकंदाला किती माहिती) मिळतो: ९० मिनिटांना सुमारे ७, दोन तासांना ५.२, तीन तासांना जेमतेम ३.५ मेगाबिट. यातून ध्वनीचे आणि थोडी मोकळी जागा म्हणून ४-५ टक्के वजा करावेत. रूपांतर करणाऱ्या एफएफएमपेग या टर्मिनलवरच्या साधनाला ‘पाल-डीव्हीडी’ हे लक्ष्य दिले की ते चित्राला ६ मेगाबिट आणि एसी३ ध्वनीला ४४८ किलोबिट लावते. त्या दराने साधारण ९५ मिनिटे मावतात. तीन तासांचे लग्न एका चकतीत कोंबले की वरातीतले दिवे आणि बँडवाल्यांचे चकाकते कपडे चौकोनी ठिपक्यांत फुटतात. दोन चकत्या कराव्यात.

मोबाइलच्या फितीत चित्रांचा वेग बदलता असतो. तो आधी स्थिर २५ वर आणला नाही, तर तासाभराने भटजींचे ओठ आणि मंगलाष्टके जुळत नाहीत. जुन्या मिनीडीव्ही टेपवरून घेतलेली फीत मात्र विणलेल्या ओळींची (इंटरलेस्ड, म्हणजे एकाआड एक ओळी दोन वेळा घेतलेली) असते आणि तिचा खालच्या ओळींचा संच आधी येतो. हा क्रम उलटा गेला की नवरदेवाची घोडी पुढे-मागे हिसके देत चालते.

सीमाभागात खरी कसोटी लिपीची. मेनू मराठीत, कधी शेजारी कन्नडमध्येही हवा असतो. डीव्हीडीऑथरसोबत येणारे, बटणे आणि उपशीर्षके चित्रात बसवणारे स्पूमक्स आणि त्याच्यावर उपशीर्षके सोपवणारे डेव्हेडे अक्षरे एकेक करून मांडतात, जोडाक्षरे जुळवत नाहीत. ‘निपाणी’ लिहिले की पहिली वेलांटी ‘न’च्या आधी येण्याऐवजी मागे राहते आणि ‘प’ला चिकटलेली दिसते, ‘लक्ष्मी’चे पाय मोडलेले हलन्त अक्षरसमूह होतात. कन्नड ओत्तक्षरांचीही (खाली लिहिल्या जाणाऱ्या जोडाक्षरांची) हीच गत. फॉन्ट बदलून हे सुटत नाही, दोष मांडणीच्या यंत्रणेत आहे. म्हणून मेनूची पाटी इंकस्केप या चित्र काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये लोहित किंवा नोटो फॉन्टने लिहून ७२० बाय ५७६ चे चित्र म्हणून घ्यावी आणि सॉफ्टवेअरला फक्त बटणांच्या चौकटी आखू द्याव्यात. मजकूर कडेपासून सुमारे दहा टक्के आत ठेवावा, जुने टीव्ही कडा कापतात. बटण निवडल्यावर उठून दिसण्यासाठीच्या चित्रात पारदर्शक धरून चारच रंग चालतात. कडा गुळगुळीत करणारे अँटी-अलायझिंग बंद नसेल तर रंग वाढून स्पूमक्स ते नाकारते. उपशीर्षके एफएफएमपेगच्या लिबास गाळणीतून (अक्षरे नीट जुळवणाऱ्या फिल्टरमधून) चित्रातच उमटवावीत: ती बंद करता येत नाहीत, पण शुद्ध दिसतात.

आयएसओ स्वतः बनवताना जेनआयएसओइमेज या टर्मिनलवरच्या साधनाला ‘डीव्हीडी-व्हिडिओ’ हा पर्याय द्यावाच लागतो. तो राहिला की संगणकावर सगळे चालते, प्लेअर मात्र चकती ओळखत नाही. लिहिण्यासाठी केथ्रीबी, ब्रासेरो किंवा टर्मिनलवर ग्रोआयएसओएफएस. डीव्हीडीसाठी वोडिम या टर्मिनलवरच्या दुसऱ्या साधनापेक्षा ग्रोआयएसओएफएस बरे. ड्राइव्ह उघडतच नसेल तर वापरकर्ता लिनक्सच्या ‘सीडीरॉम’ गटात (ड्राइव्ह वापरायची परवानगी असलेल्यांच्या यादीत) आहे का ते बघावे.

पहिली प्रत पुसता येणाऱ्या आरडब्ल्यू चकतीवर काढून ज्या घरी द्यायची तिथल्याच प्लेअरवर लावून बघावी, मग पक्क्या प्रती. १६ एक्सच्या चकतीलाही ४ किंवा ८ एक्सचाच वेग द्यावा आणि शेवटी पडताळणीची खूण ठेवावी. खानापूरकडच्या पावसात वीज अधूनमधून जाते; अर्ध्यात तुटलेली डीव्हीडी-आर पुन्हा लिहिता येत नाही, तेव्हा डेस्कटॉपला यूपीएस असावा किंवा हे काम लॅपटॉपवर करावे. आयएसओ हार्डडिस्कवर ठेवली तर पुढची प्रत दहा-पंधरा मिनिटांत निघते. ती पुसली असेल तर सगळे रूपांतर पहिल्यापासून.