दाढीच्या मशीनचा धातू: पैसे कुठे वसूल होतात

श्रावणातली सकाळ होती. नवं ब्लेड घालून दाढीच्या मशीनचा दांडा पिळत होतो, तेवढ्यात बोटांना बारीकसा झटका बसला आणि वरची टोपी सुटून बेसिनमध्ये पडली. तिच्या मधोमध असलेला स्क्रू दांड्यातच अडकून राहिला होता. तुटलेली जागा खिडकीशी नेऊन पाहिली. बाहेरून मशीन आरशासारखं चकचकीत, पण आतला भाग राखाडी आणि खडीसाखरेच्या तुटल्या खड्यासारखा दाणेदार. चार वर्षं रोज हातात होतं, तरी ते नेमकं कशाचं बनलंय हे मला त्या दिवशी कळलं.

त्या दिवशी दाढी केली ती आजोबांच्या पितळी मशीनने. त्याच्यावरचा निकेलचा मुलामा कडांना कधीच उडून गेलाय, खालचं पिवळं पितळ दिसतं. आटे मात्र आजही लोण्यासारखे फिरतात. तेव्हापासून मी या धातूंच्या मागे लागलोय, कारण हल्ली स्टेनलेस स्टीलची आणि टायटॅनियमची मशीनं मोठ्या किमतींना विकली जातात आणि मित्र विचारतात, एवढे पैसे घालावेत का?

उत्तराची सुरुवात 1903 सालापासून करावी लागेल. त्याआधी बहुतेकांसाठी दाढी म्हणजे वस्तरा, आणि वस्तऱ्याचा धातू हीच त्याची धार. पोलाद चांगलं तर दाढी चांगली, इतका सरळ हिशोब. अमेरिकेत किंग कॅम्प जिलेट यांनी धार आणि धारेला धरणारा सांगाडा वेगळे केले. पातळ पातं वापरून टाकून द्यायचं, मशीन जन्मभर ठेवायचं. पहिल्या वर्षी त्यांची जेमतेम 51 मशीनं आणि 168 पाती खपली, पुढे जगाची सवयच बदलली. पण त्या दिवसापासून एक गोष्ट पक्की झाली: मशीनचा धातू केसाला कापत नाही. कापतं ते पातं.

आणि पात्याचं आयुष्य स्वतःच्याच नियमांनी चालतं. केस पोलादापेक्षा सुमारे 50 पट मऊ, तरी तो धारेला हरवतो. 2020 साली अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठातल्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष केस कापून पाहिले. धार झिजून गोल होते असा आपला समज. त्यांना दिसलं की धारेचे सूक्ष्म टवके उडतात. केस वाकून पात्याला तिरका भिडला आणि नेमक्या त्या जागी पोलादाची अंतर्गत रचना एकसारखी नसली, की तडा जातो. यात तुमचा दांडा पितळेचा की टायटॅनियमचा, हा प्रश्नच येत नाही. उलट दोन-तीन मिनिटं गरम पाण्याने दाढी भिजवली तर केसातल्या केराटिन या प्रथिनात पाणी शिरतं, त्याचे हायड्रोजन बंध सैल होतात आणि कापायला लागणारं बल चांगलंच घटतं. मगभर गरम पाणी कुठल्याही महाग धातूपेक्षा जास्त काम करतं, हे मी अनुभवाने सांगतो.

मग मशीनचं काम काय? पातं धरणं. पण नीट धरणं. जेमतेम 0.1 मिलिमीटर जाडीचं पातं टोपी आणि खालच्या पट्टीमध्ये वाकवून, ताठ आवळून, दोन्ही बाजूंना सारखं बाहेर काढायचं. एका बाजूला धार केसभर जास्त बाहेर आली तर ती बाजू ओरखडते आणि दुसरी नुसता फेस पुसून काढते. पातं धारेजवळ सैल राहिलं तर ते केसावर थरथरतं आणि गालाची आग होते. म्हणजे दाढी ठरते ती मापांवरून, धातूवरून नव्हे. कॅनडातल्या हेन्सन कंपनीचं उदाहरण इथे बोलकं आहे. त्यांचं एक मशीन ॲल्युमिनियमचं आणि दुसरं टायटॅनियमचं. दोन्हींत पातं त्याच कोनात, तेवढंच बाहेर. टायटॅनियमच्या मशीनची किंमत मात्र तिपटीहून जास्त. गालाला त्यात फरक शोधावा लागतो. हाताला जाणवतो तो वजनाचा.

तरीही धातूने काही फरक पडत नाही असं मी म्हणणार नाही. बेसिनमध्ये पडलेली ती टोपी त्याला साक्षीदार आहे.

स्वस्त आणि मध्यम किमतीची बहुतेक मशीनं झमाकची असतात. जस्तात साधारण 4 टक्के ॲल्युमिनियम आणि किंचित मॅग्नेशियम, तांबं मिसळून हा मिश्रधातू होतो. नावही जस्त, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम, तांबं यांच्या जर्मन नावांच्या आद्याक्षरांचं. तो सुमारे 385 अंश सेल्सिअसला वितळतो, पोलादाला 1400 च्या आसपास जावं लागतं. त्यामुळे झमाक पोलादी साच्यात दाबाने भरून एका साच्यातून लाखो नग काढता येतात, तेही बारीक नक्षीसकट. गाड्यांचे कार्ब्युरेटर, नळाच्या मुठी, पँटच्या चेनचे सरकते तुकडे याच पद्धतीने होतात. धातू वाईट नाही. चांगल्या साच्यातलं झमाकचं मशीन उत्तम दाढी करतं.

अडचण सुरू होते पाण्याशी. उघडं जस्त ओलाव्यात टिकत नाही म्हणून त्यावर तांबं, निकेल आणि वर क्रोमचा थर चढवतात. क्रोमचा थर बहुधा एका मायक्रॉनपेक्षाही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही पातळ असतो. कोकणातल्या कौलांच्या जागी आलेले जस्ताचे पत्रे आठवा: तिथे जस्त लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. मशीनमध्ये नेमका तोच गुण उलटतो. मुलाम्याला टाचणीच्या टोकाएवढं भोक पडलं, पाणी आत गेलं, की वरचा निकेल-क्रोम शाबूत राहतो आणि खालचं जस्त त्याच्यासाठी झिजत जातं. मुलाम्याला फोड येतात, मग पापुद्रे निघतात. हे सगळ्यात आधी कुठे होतं? आट्यांवर. तिथे धातू धातूवर रोज घासतो, साबणाचं पाणी साचून राहतं आणि पिळण्याचा सगळा ताण आट्यांच्या खाचेत एकवटतो. माझा स्क्रू तिथूनच गेला.

पितळेचं तसं होत नाही. मुलामा गेला तरी पितळ फार तर काळवंडतं, हवं तर पुन्हा मुलामा देता येतो. म्हणूनच अनेक दशकांपूर्वीची पितळी मशीनं आजही रोजच्या वापरात दिसतात. स्टेनलेस स्टीलला तर मुलामाच लागत नाही. त्यातलं क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून काही नॅनोमीटर जाडीचा थर धरतं. ओरखडा पडला की थर आपोआप पुन्हा तयार होतो. 316एल या जातीत 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनमही असतं, त्यामुळे बोअरच्या खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडलाही ते सहसा दाद देत नाही. 303 ही दुसरी जात यंत्रावर कापायला सोपी जावी म्हणून त्यात गंधक घालतात, आणि तेवढंच ते गंजाला कच्चं. विकत घेताना जात विचारावी.

टायटॅनियम पृथ्वीच्या कवचात दुर्मीळ नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत त्याचं खनिज इल्मेनाइट सापडतं. महाग आहे ते त्याला ऑक्सिजनपासून सोडवणं. आधी क्लोराइड करायचं, मग बंद भांड्यात आरगॉन वायूखाली वितळत्या मॅग्नेशियमशी त्याची अभिक्रिया घडवायची, तीही घाण्यामागून घाणा. पुढे सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या कापयंत्रावर, त्याची कापणी सुरू झाली की उष्णता धातूतून वाहून जात नाही, ती हत्याराच्या टोकाशीच साठते आणि हत्यारं जळतात. एवढा खटाटोप करून न्हाणीघरात काय मिळतं? हलकेपणा आणि न गंजणं. 12 घन सेंटिमीटर धातूचं मशीन धरलं तर पितळेत ते सुमारे 102 ग्रॅम भरेल, स्टेनलेसमध्ये 96, झमाकमध्ये 79, टायटॅनियममध्ये 53. ज्यांना मशीनच्या वजनानेच ते गालावरून घसरू द्यायची सवय आहे, त्यांना हलकं मशीन उलट दाबावं लागतं. निकेलची ॲलर्जी असलेल्यांना टायटॅनियमचा खरा उपयोग आहे. बाकीच्यांसाठी तो हौसेचा खर्च आहे.

आता रुपयांत. स्टेनलेसचं मशीन 5,000 रुपयांना घेतलं आणि 20 वर्षं वापरलं, तर वर्षाला 250 पडतात. आठवड्याला 5 रुपयांचं एक ब्लेड धरलं तर ब्लेडचा वर्षाचा खर्च 260. म्हणजे मशीन आणि पाती जवळजवळ बरोबरीत. हा खर्च मला रास्त वाटतो, कारण त्यात आटे, घट्टपणा आणि पुढच्या पिढीला देता येणारी वस्तू मिळते. 20,000 च्या टायटॅनियमला वर्षाला 1,000 पडतात, आणि ते जास्तीचे 750 दाढीत कुठेच उतरत नाहीत. विद्यार्थ्याने झमाकचं चांगलं मशीन घ्यावं, दाढी झाल्यावर सुटं करून पुसावं आणि दांडा बेताने पिळावा.

फक्त झमाक पोलादाच्या भावात घेऊ नये. 'स्टील फिनिश' हे शब्द मुलाम्याबद्दल असतात, धातूबद्दल नाही. लोहचुंबक इथे कामाचा नाही, कारण झमाकला तो चिकटत नाही आणि 303, 316 यांनाही जवळजवळ नाहीच. घरी एक पद्धत जमते. 0.1 ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा घ्या आणि टोपी कोरडी तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा, टोपी दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढे घन सेंटिमीटर त्या टोपीचं आकारमान. पहिला आकडा दुसऱ्याने भागा; वरच्या वजनांच्या हिशोबाने झमाकचा भागाकार 6.6 च्या आसपास येतो, स्टेनलेसचा 8, पितळेचा 8.5. पोकळ दांड्यात हवा अडकते, म्हणून भरीव टोपीच घ्यावी. माझी तुटकी टोपी 24.0 ग्रॅम भरली आणि पाण्यात 3.6. भागाकार 6.7, म्हणजे झमाक. आजोबांची टोपी 17.0 आणि 2.0. साडेआठ. पितळ.