पंप शॉटगनमधले फरक आले कुठून?

पहिली पंप अ‍ॅक्शन शॉटगन घ्यायला निघालेला माणूस बहुतेक वेळा दोन नावांपाशी येऊन अडतो: रेमिंग्टन ८७० आणि मॉसबर्ग ५००. एकीची सेफ्टी चापामागे आडवी, दुसरीची रिसीव्हरच्या माथ्यावर अंगठ्याखाली. एकीचा रिसीव्हर (यंत्रणा सामावणारा मधला सांगाडा) पोलादी, दुसरीचा अ‍ॅल्युमिनियमचा. यावर हिरिरीने वाद होतात. पण छर्‍यांना या फरकांचा पत्ताही नसतो, बारा बोअरचं काडतूस दोन्हीत तेच उडतं. फरक आले ते पेटंटच्या भांडणांतून आणि कारखान्यांच्या खर्चाच्या हिशेबातून.

यंत्रणा मुळात साधी आहे. नळीखालची मूठ मागे ओढली की बोल्टचं, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणार्‍या ठोकळ्याचं, कुलूप सुटतं, रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं आणि नळीखालच्या साठ्याच्या नळकांड्यातलं पुढचं काडतूस उचलपट्टीवर येतं. मूठ पुढे ढकलली की ते नळीत जाऊन बसतं. सगळी ताकद हाताची, त्यामुळे काडतूस हलकं असो की भारी, बंदुकीला फरक पडत नाही. मात्र मूठ अर्धवट ओढली तर ती अडकते, आणि नवखे नेमकं हेच करतात.

अमेरिकेत ही बंदूक बाजारात आणली ख्रिस्तोफर स्पेन्सरने, १८८२च्या सुमारास. यादवी युद्धात गाजलेली स्पेन्सर रायफल याचीच. शॉटगनच्या धंद्यात मात्र त्याचा जम बसला नाही आणि हक्क न्यूयॉर्कचा लष्करी भंगार-मालाचा व्यापारी फ्रान्सिस बॅनरमन याच्याकडे गेले. दरम्यान विंचेस्टर कंपनीसाठी जॉन ब्राउनिंग शॉटगन घडवत होता. कंपनीला आपल्या रायफलींसारखा लिव्हर हवा होता, म्हणून १८८७चं मॉडेल तसं निघालं. ब्राउनिंगचा स्वतःचा कल पंपाकडे होता, आणि १८९३ला विंचेस्टरने ते मान्य केलं. बॅनरमनने लगेच दावा ठोकला. विंचेस्टरने युरोपातली त्याहून जुनी पेटंटं शोधून काढली आणि बॅनरमन हरला. तो निकाल उलटा लागला असता तर पुढचा इतिहास बराच वेगळा झाला असता.

१८९३ची बंदूक काळ्या दारूच्या काडतुसांसाठी होती. धूरविरहित दारूचा दाब तिला झेपेना, म्हणून मजबूत केलेली मॉडेल १८९७ आली. तिचा हॅमर (काडतूस पेटवणारी हातोडी) बाहेर उघडा, आणि आत डिस्कनेक्टर, म्हणजे प्रत्येक बारासाठी चाप सोडून पुन्हा दाबायला लावणारा भाग, नाही: चाप दाबून धरला आणि मूठ पुढेमागे करत राहिलं, तर दर वेळी बोल्ट बंद होताच बार उडतो. पहिल्या महायुद्धात नळीवर भोकांचं पत्र्याचं कवच आणि पुढे संगीन लावून ती खंदकांत उतरली. सप्टेंबर १९१८मध्ये जर्मनीने हे शस्त्र हेग कराराच्या विरुद्ध असल्याची तक्रार केली आणि अमेरिकेने ती फेटाळली. चाप दाबून धरून बार उडवत राहण्याचा हा गुण आज कौतुकाने सांगितला जातो. नव्या मालकाने तो दोष समजावा.

१९१२ला विंचेस्टरच्याच टी. सी. जॉन्सनने हॅमर आत नेला आणि मॉडेल १२ घडवली. गुळगुळीत चालीच्या बाबतीत आजही तिचं नाव निघतं, पण ती चाल पोलाद कोरून, घासून, कसबी हातांनी जुळवून आली होती. मजुरी वाढली तसं ते परवडेना, आणि १९६०च्या दशकात विंचेस्टरने तिचं नियमित उत्पादन थांबवलं. इथाका कंपनीची वाट वेगळी. ब्राउनिंगचाच एक नमुना रेमिंग्टनने मॉडेल १७ म्हणून काढला होता. त्याची पेटंटं संपताच इथाकाने तो उचलला आणि १९३७ला मॉडेल ३७ बाजारात आणली. तिचं काडतूस खालूनच भरतं आणि खालूनच बाहेर पडतं. डावखुर्‍याच्या डोळ्यांसमोरून रिकामी काडतुसं उडत नाहीत, म्हणून त्याने तिचा विचार जरूर करावा. जुनी ३७ घेणार्‍याने मात्र लक्षात ठेवावं की तिच्यातही डिस्कनेक्टर नाही.

रेमिंग्टनची मॉडेल ३१ चांगली होती, पण महाग पडायची. १९५०ला आलेली ८७० हे त्याचं उत्तर. रिसीव्हर घडीव पोलादाचाच ठेवला आणि आतले बरेच भाग पत्रा ठोकून केले. मूठ आणि बोल्ट यांना जोडणार्‍या पट्ट्या एकीऐवजी दोन केल्या, त्यामुळे मूठ तिरकी होऊन अडकत नाही. दोन पिना काढल्या की चापाचा सगळा जुडगा हातात येतो. अशा बंदुका १ कोटीहून जास्त विकल्या गेल्या.

मॉसबर्ग ५०० आली १९६०च्या सुरुवातीला, कार्ल बेन्सनच्या हातून, आणि तीही स्वस्त पडावी म्हणूनच. अ‍ॅल्युमिनियमचा रिसीव्हर ऐकून नवा माणूस बिचकतो. पण बोल्टचं कुलूप थेट नळीच्या पोलादी शेपटात बसतं, स्फोटाचा दाब रिसीव्हरवर येतच नाही. सुरुवातीला हिच्यात एकच पट्टी होती. रेमिंग्टनचं पेटंट संपल्यावर, १९७०च्या आसपास, मॉसबर्गनेही दोन पट्ट्या केल्या. म्हणजे ज्या बाबतीत त्या आज सारख्या दिसतात, तेही पेटंटमुळेच. माझं मत विचाराल तर सेफ्टी माथ्यावर असणं जास्त सोयीचं: डावा-उजवा भेद नाही, आणि नेम धरतानाही ती दिसते. मात्र मागे दस्त्याच्या जागी पिस्तुलासारखी मूठ बसवली की अंगठा तिथवर पोचत नाही. मॉसबर्गच्या दराला तोंड द्यायला रेमिंग्टनने १९८७ला ८७०चीच स्वस्त आवृत्ती एक्सप्रेस काढली, मंद पॉलिशची आणि साध्या लाकडाची. म्हणून ‘८७०’ एवढं म्हटल्याने काहीच कळत नाही. जुनी विंगमास्टर (८७०ची चकचकीत, महाग आवृत्ती) आणि एक्सप्रेस यांच्या घडणीत बराच फरक आहे.

शिकारीच्या नियमांनीही बंदुकीचा आकार बदलला. स्थलांतरित पक्ष्यांवर तीनच काडतुसांची मर्यादा अमेरिकेत १९३५पासून आहे, म्हणून तिथल्या कित्येक नव्या बंदुकांच्या नळकांड्यात एक दांडी घातलेली असते. नळकांड्यात दोन आणि नळीत एक मिळून तीन होतात, तेव्हा नळकांड्यात दोनच काडतुसं जातात म्हणून बंदूक बिघडली, असं समजू नये. पाणपक्ष्यांसाठी शिशाच्या छर्‍यांवर १९९१पर्यंत देशभर बंदी आली. पोलादाचे छरे हलके, त्यामुळे जास्त छरे भरायला लांब काडतूस लागलं, आणि १९८८ला मॉसबर्गने ३½ इंचांची ८३५ काढली.

जुनी बंदूक घेताना अडचण होते ती इथेच. काडतुसाची लिहिलेली लांबी ही उडून उघडल्यानंतरची असते. त्यामुळे २¾ इंचांच्या चेंबरमध्ये (नळीतल्या काडतुसाच्या जागेत) ३ इंची काडतूस सहज बसतं, पण बार उडताना त्याचं तोंड उघडायला जागा उरत नाही आणि दाब धोकादायक वाढतो. नळीवरचा शिक्का वाचावा, आणि जुन्या घट्ट चोकच्या (तोंडाशी निमुळत्या केलेल्या) नळीतून पोलादी छरे बंदूक-कारागिराला विचारल्याशिवाय झाडू नयेत.